चार न्यूट्रॉन जास्त

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात मी स्वयंपाकघरातली मिठाची बरणी उचलून माळ्यावर ठेवली. हॉस्पिटलमधून मिळालेला कागद फ्रिजवर चिकटवला होता. दोन आठवडे काय वर्ज्य त्याची यादी होती ती: आयोडीनयुक्त मीठ, मासे, अंडी, दूध-दही, बेकरीतलं काहीही, लाल रंग घातलेल्या गोळ्या-मिठाया. आईनं यादी दोनदा वाचली. "मीठ नाही नि म्हावरं नाही, मग जेवायचं काय?" एवढंच म्हणाली. ती उरणकडची. तिचे वडील मिठागरावर राबले. बंदर आलं तेव्हा ते आगर गेलं, पण ताटात सगळ्यात आधी मीठ वाढून घ्यायची तिची सवय काही गेली नाही.

जानेवारीत तिच्या थायरॉईडचं ऑपरेशन झालं होतं. गाठ कॅन्सरची निघाली. ग्रंथी पूर्ण काढली तरी थोड्याफार पेशी कुठेतरी चिकटून राहतात. त्या शोधून मारण्यासाठी किरणोत्सारी आयोडीन द्यायचं ठरलं होतं. तोवर थायरॉईडची गोळीही सुरू करायची नव्हती. त्यामुळे आई दिवसेंदिवस मंद होत चालली होती. आवाज जड झाला, बोलताना शब्द लांबायला लागले, आणि पनवेलच्या फेब्रुवारीत ती शाल घेऊन बसायची.

चौथ्या दिवशी मामा आला तो पाच किलो खडे मीठ घेऊन. पेणकडच्या एका आगरातलं, मासळी खारवायला वापरतात तसलं, करड्या रंगाचं, ओलसर. मी डॉक्टरांना फोन करून विचारलं. यात आयोडीन मिसळलेलं नाही ना, एवढंच त्यांनी विचारलं. ते नव्हतं. आईनं दोन खडे जिभेवर ठेवले आणि डोळे मिटले.

समुद्राच्या मिठात आयोडीन भरपूर असणार, असं बहुतेकांना वाटतं. मलाही कितीतरी वर्षं वाटायचं. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, पण आयोडीन असतं जेमतेम ५०-६० मायक्रोग्रॅम. आणि वाफ्यात मीठ धरायला लागतं तेव्हा सोडियम आणि क्लोरीनचे आयन, म्हणजे प्रभार असलेले अणू, एकमेकांना इतके चपखल बसतात की आयोडीनच्या मोठ्या आयनाला त्या रचनेत जागाच उरत नाही. तो मागे राहतो, वाफ्यातल्या शेवटच्या कडवट पाण्यात, आणि ते पाणी आगरी लोक पुन्हा खाडीत सोडून देतात. म्हणून दुकानातल्या मिठात आयोडीन वरून घालावं लागतं. कांगडा खोऱ्यात १९५६ पासून डॉ. व्ही. रामलिंगस्वामी यांनी केलेल्या कामातून आयोडीनच्या मिठानं गलगंड कमी होतो हे आपल्याकडे सिद्ध झालं, आणि आज आपल्या पुडीवर जे छापलेलं असतं त्याचं मूळ तिथे आहे.

मी आठवीला विज्ञान शिकवते. 'अणूचे अंतरंग' हा धडा बावीस वर्षं शिकवतेय. वर्गात उत्तरेकडून आलेल्या कुटुंबांतली मुलं असतात, त्यांची पहिल्याच दिवशी गडबड होते, कारण हिंदीत ज्याला परमाणु म्हणतात तो आपला अणू, आणि हिंदीतला अणु म्हणजे आपला रेणू. ते एकदा फळ्यावर मांडून घेतलं की गाडी सुरू होते. प्रोटॉन, न्यूट्रॉन, इलेक्ट्रॉन. अणुअंक, अणुवस्तुमानांक. मग समस्थानिकं, म्हणजे प्रोटॉन तेवढेच पण न्यूट्रॉन कमीजास्त असलेले एकाच मूलद्रव्याचे अणू, आणि त्यापुढे एक वाक्य: समस्थानिकांचे रासायनिक गुणधर्म सारखेच असतात. मुलं ते पाठ करतात, परीक्षेत एका गुणाला लिहितात. मीही ते तसंच शिकवत आले. यंदाच्या फेब्रुवारीत त्या वाक्याखाली माझी आई येऊन उभी राहिली.

आयोडीन मुलांना दाखवायला मला फार आवडतं. शिसपेन्सिलीच्या टोकासारखे काळपट चकाकणारे खडे चंचुपात्रात टाकायचे, वर गार पाण्यानं भरलेला गोल चंबू ठेवायचा, खिडक्या उघड्या ठेवायच्या आणि खाली अगदी मंद आच द्यायची. थोड्या वेळानं तळातून जांभळी वाफ उठते. जांभळी म्हणजे पिकल्या जांभळाची साल बोटाला लागते तशी. ती वर चढते, चंबूच्या गार बुडाला टेकते आणि तिथे पुन्हा काळे खडे धरतात. मागच्या बाकावरची मुलंसुद्धा तेव्हा उभी राहतात.

ही वाफ पहिल्यांदा पाहिली बर्नार कुर्त्वा या फ्रेंच माणसानं, १८११ मध्ये. नेपोलियनच्या लढायांचे दिवस होते, बंदुकीच्या दारूला सोरा हवा असायचा आणि कुर्त्वाचा सोऱ्याचाच कारखाना होता. त्यासाठी लागणारे क्षार तो समुद्रशेवाळाच्या राखेतून काढायचा. उरलेल्या अर्कात सल्फ्युरिक आम्ल जरा जास्त पडलं आणि भांड्यातून जांभळा धूर निघाला. मूलद्रव्याला नाव पडलं ते जांभळ्या रंगाच्या ग्रीक शब्दावरून.

या जांभळ्या वाफेच्या प्रत्येक अणूच्या केंद्रकात, म्हणजे गाभ्यात, ५३ प्रोटॉन असतात. आयोडीन असणं म्हणजे केंद्रकात ५३ प्रोटॉन असणं, बाकी काही नाही. ५२ असतील तर ते टेल्युरियम, ५४ असतील तर झेनॉन. मधे साडेत्रेपन्न असं काही नसतं. हे तीन आकडे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

या आकड्यांनी एका मोठ्या माणसाला कोड्यात टाकलं होतं. रशियन रसायनशास्त्रज्ञ मेंडेलीव्हनं १८६९ मध्ये मूलद्रव्यं वजनानुसार एका तक्त्यात मांडायला घेतली तेव्हा टेल्युरियम आयोडीनपेक्षा जड भरत होतं, म्हणजे नंतर यायला हवं होतं. पण आयोडीन वागायचं क्लोरीन-ब्रोमीनसारखं. मेंडेलीव्हनं वजनापेक्षा वागण्यावर भरवसा ठेवला आणि टेल्युरियम आधी मांडलं. तो बरोबर होता, पण का बरोबर होता ते कळायला १९१३ साल उजाडावं लागलं. हेन्री मोझली या तरुण इंग्रजानं मूलद्रव्यांच्या क्ष-किरणांचं मोजमाप केलं आणि दाखवून दिलं की खरा क्रम केंद्रकावरच्या प्रभाराचा, म्हणजे प्रोटॉनांच्या संख्येचा असतो. दोन वर्षांनी गॅलिपोलीच्या लढाईत तो मारला गेला. सत्तावीस वर्षांचा होता. हे सांगताना दरवर्षी माझा आवाज खाली येतो.

टेल्युरियम जड भरतं ते त्याच्या न्यूट्रॉनांमुळे. न्यूट्रॉन वजन वाढवतात, ओळख बदलत नाहीत. मिठातल्या, शेवाळातल्या, माझ्या चंचुपात्रातल्या आयोडीनच्या केंद्रकात ५३ प्रोटॉनांबरोबर ७४ न्यूट्रॉन असतात, बेरीज १२७. निसर्गातलं आयोडीन जवळजवळ सगळं हेच. आईला जे द्यायचं होतं ते आयोडीन-१३१, म्हणजे प्रोटॉन तेच ५३ आणि न्यूट्रॉन ७८. फरक फक्त चार न्यूट्रॉनांचा. पण या चार जास्तीच्या न्यूट्रॉनांनी केंद्रक अस्थिर होतं आणि आज ना उद्या फुटतं.

अशा भावंडांना समस्थानिकं हे नाव मिळालं तेही १९१३ मध्येच. फ्रेडरिक सॉडी हा रसायनशास्त्रज्ञ ग्लासगोला एका घरी जेवायला गेला असताना त्यानं आपली अडचण सांगितली की वजनं वेगळी, पण तक्त्यातली जागा एकच अशा अणूंना म्हणायचं काय. मार्गारेट टॉड नावाच्या डॉक्टरबाईंनी ग्रीकमधून 'समान जागा' अशा अर्थाचा शब्द सुचवला. मराठीतलं 'समस्थानिक' अगदी त्याच जोडणीचं आहे, सम आणि स्थान. मला हा शब्द मनापासून आवडतो. अर्थ त्याच्या पोटातच आहे, मुलांना वेगळा सांगावा लागत नाही.

आता थायरॉईडच्या पेशीकडे येऊ. आयोडीनच्या अणूच्या सर्वात बाहेरच्या कवचात सात इलेक्ट्रॉन असतात, आठाला एक कमी. तो एक मिळाला की अणूचा ऋण आयन होतो, आयोडाइड. इलेक्ट्रॉन ५४ आणि प्रोटॉन ५३. मिठातलं आयोडीन पोटात गेल्यावर शेवटी याच रूपात रक्तात पोचतं. एका इलेक्ट्रॉननं केवढा फरक पडतो पाहा. जखमेला लावलं की झोंबणारं, कपड्यावर डाग पाडणारं आयोडीन एक इलेक्ट्रॉन मिळताच रंगहीन, शांत होऊन रक्तातून हिंडू लागतं.

थायरॉईडच्या पेशीच्या भिंतीत एक प्रथिन असतं, त्याला दरवाजा म्हणा. ते सोडियमचे दोन आयन आणि आयोडाइडचा एक आयन असे एकत्र आत घेतं. मोठ्या माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम आयोडीन पुरतं, इतकी ही गोष्ट दुर्मीळ, म्हणून ग्रंथी रक्तातून ते वेचून वेचून साठवते. आत थायरॉक्सिन नावाचं संप्रेरक बनतं, त्याच्या एका रेणूत आयोडीनचे चार अणू. शरीरातली दुसरी कुठलीही ग्रंथी आयोडीनची अशी साठवण करत नाही.

आणि हा दरवाजा ओळखतो ते आयनाच्या बाहेरच्या अंगाला, म्हणजे त्याच्या इलेक्ट्रॉनांना आणि त्यांच्यामुळे आलेल्या आकाराला नि प्रभाराला. केंद्रक कुठेतरी खोल आत, अणूच्या दहा हजाराव्या हिश्शाहूनही लहान. तिथे ७४ न्यूट्रॉन आहेत की ७८, हे दाराला कळायचा काही मार्गच नाही. समस्थानिकांचे रासायनिक गुणधर्म सारखेच असतात, ते हे.

शरीराला न्यूट्रॉन मोजता येत नाहीत यातूनच हे औषध निघालं. बॉस्टनच्या एका भोजनप्रसंगी, १२ नोव्हेंबर १९३६ ला, मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचे अध्यक्ष कार्ल कॉम्प्टन डॉक्टरांपुढे बोलत होते, भौतिकशास्त्र वैद्यकाला काय देऊ शकेल या विषयावर. थायरॉईडवर काम करणाऱ्या सॉल हर्ट्झ या डॉक्टरनं विचारलं, आयोडीन कृत्रिमरीत्या किरणोत्सारी करता येईल का? सगळा खेळ या एका प्रश्नात आहे. ग्रंथी स्वतःच आयोडीन ओढून घेते हे त्याला ठाऊक होतं, त्याला फक्त ते ओझं बदलायचं होतं. १९३८ मध्ये बर्कलेला जॉन लिव्हिंगूड आणि ग्लेन सीबोर्ग यांनी आयोडीन-१३१ शोधून काढलं, आणि १९४१ मध्ये हर्ट्झनं किरणोत्सारी आयोडीन पहिल्या रुग्णाला दिलं. सीबोर्गच्या आईलाही थायरॉईडचा आजार होता. पुढे तिच्यावर उपचार झाले ते मुलानंच शोधलेल्या आयोडीन-१३१ नं. हे मी पूर्वी कुठेतरी वाचलेलं होतं आणि विसरलेही होते. फेब्रुवारीतल्या एका रात्री, आई पलीकडच्या खोलीत जड श्वास घेत झोपलेली असताना, ते आठवलं आणि मग झोप लागली नाही.

याच दाराची दुसरी बाजूही खरी आहे. एप्रिल १९८६ मध्ये चेर्नोबिलची अणुभट्टी फुटली तेव्हा आयोडीन-१३१ गवतावर बसलं, गाईंच्या दुधात उतरलं आणि मुलांच्या थायरॉईडनं ते तितक्याच भोळेपणानं आत घेतलं. पुढच्या वर्षांत तिथल्या कितीतरी मुलांना थायरॉईडचा कॅन्सर झाला. पोलंडनं तेव्हा काही दिवसांतच आपल्या एक कोटीहून जास्त मुलांना साध्या आयोडीनचा डोस पाजला, म्हणजे ग्रंथी आधीच भरून जावी आणि दार बंद व्हावं. आमच्या घरात त्याच्या नेमकं उलट चाललं होतं. आम्ही आईच्या उरल्यासुरल्या पेशी उपाशी ठेवत होतो.

किती उपाशी, आणि मिठाची एवढी धास्ती का, हे मला नीट कळेना तेव्हा मी वहीत हिशेब मांडला. आईला १०० मिलिक्युरी देणार होते. आकडा ऐकून छाती दडपते. एक क्युरी म्हणजे सेकंदाला ३,७०० कोटी अणू फुटणं, तेव्हा १०० मिलिक्युरी म्हणजे सेकंदाला ३७० कोटी. पण त्या आयोडीन-१३१ चं वजन काढलं तर ते भरलं ०.८ मायक्रोग्रॅम. एका ग्रॅमचा दहा लाखावा हिस्सासुद्धा पुरता नाही. आणि पुडीतल्या मिठात, नियमाप्रमाणे गिऱ्हाइकाच्या हाती पडताना किलोला निदान १५ मिलिग्रॅम आयोडीन असावं लागतं, म्हणजे एका ग्रॅम मिठात १५ मायक्रोग्रॅम. आमटीतली एक चिमूट औषधापेक्षा अठरा-वीस पट आयोडीन घेऊन येणार आणि ते आधी दारात गर्दी करणार. मी पेन खाली ठेवलं, उठून माळ्यावरची बरणी शेजाऱ्यांकडे देऊन आले.

औषध येतं कुठून तेही सांगायला हवं. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात ध्रुव नावाची अणुभट्टी आहे, १९८५ पासूनची. तिथे टेल्युरियम न्यूट्रॉनांच्या माऱ्यात ठेवतात. टेल्युरियमचं केंद्रक एक न्यूट्रॉन गिळतं, अस्थिर होतं, मग त्याच्यातल्या एका न्यूट्रॉनचा प्रोटॉन होतो आणि ५२ चे ५३ होतात. टेल्युरियमचं आयोडीन. मेंडेलीव्हला छळणारे ते दोन शेजारी. न्हावा-शेव्याच्या किनाऱ्यावर उभं राहिलं की खाडीपलीकडे ट्रॉम्बेची टेकडी दिसते. आई लहानपणी आगराच्या बांधावरून तीच टेकडी बघायची.

२७ फेब्रुवारीला तिला आत नेलं. खोलीच्या भिंती जाड, दाराला शिशाचा पत्रा. तंत्रज्ञानं शिशाचं बुटकं भांडं आणलं, लांब चिमट्यानं आतली छोटी नळी काढली आणि आईला म्हणाला, "मावशी, हात लावायचा नाही, सरळ तोंडात." मी दाराच्या काचेतून बघत होते. साधी कॅप्सूल, तापाच्या गोळीपेक्षा वेगळी काही दिसली नाही. आईनं पाण्याचा घोट घेतला, मान वर केली, गिळली, आणि माझ्याकडे बघून हात हलवला. मला हात हलवता आला नाही. त्या क्षणापासून तिच्या पोटात सेकंदाला ३७० कोटी केंद्रकं फुटत होती आणि ती गादीवर मांडी घालून बसली होती.

आयोडीन-१३१ मधून दोन तऱ्हेची किरणं निघतात. बीटा म्हणजे वेगानं निघालेले इलेक्ट्रॉन, ते पेशींमध्ये फार तर दोन मिलिमीटर जातात आणि जिथे आयोडीन साठलं तिथलीच पेशी मारतात. काम खरं हे करतात. गॅमा किरणं शरीराबाहेर पडतात, आणि त्यांच्यामुळेच आईला कुणी जवळ घ्यायचं नव्हतं. तीन दिवस आम्ही व्हिडिओ कॉलवर बोललो. भरपूर पाणी प्यायचं होतं, लाळग्रंथी सुकू नयेत म्हणून लिंबाच्या फोडी चघळायच्या होत्या. "लिंबाला लावायला मामाचं मीठ दिलं असतंस तर," ती म्हणाली.

आठवड्यानं स्कॅन झाला. बाहेर पडणाऱ्या त्याच गॅमा किरणांनी काढलेलं चित्र होतं ते. पांढऱ्या कागदावर माणसाचा धूसर आकार, तोंडाशी आणि पोटात फिकट करडे पट्टे, आणि गळ्यात मधोमध एक गडद काळा ठिपका. उडदाच्या दाण्याएवढा. डॉक्टर म्हणाले, दुसरीकडे कुठेही नाही, फक्त इथेच. मी तो कागद बराच वेळ धरून बसले होते. बावीस वर्षं फळ्यावर लिहिलेलं वाक्य मला आईच्या गळ्यात दिसत होतं.

घरी आल्यावर माझ्या लेकीला आजीपासून लांब ठेवायचं होतं. ती तिसरीत आहे. तिनं खडूनं फरशीवर रेघ मारली आणि पलीकडे बसून आजीला धडे वाचून दाखवायला लागली. मी तिला अर्धायुष्य शिकवलं. आठ दिवसांनी अर्धं, सोळा दिवसांनी पाव, चोवीस दिवसांनी आठवा हिस्सा. शरीरातलं बरंचसं आयोडीन तर पहिल्या दोन-तीन दिवसांतच लघवीतून निघून जातं. डॉक्टरांनी सांगितलेला दिवस आला तेव्हा तिनं रेघ ओल्या फडक्यानं पुसली आणि आजीच्या मांडीत जाऊन बसली. पण हिशेब तिनं सोडला नाही. कॅलेंडरवर आठ-आठ दिवसांवर फुल्या मारत ती मे महिन्यापर्यंत गेली. दहावी फुली १८ मेला आली, हजारातला एक हिस्सा उरला तेव्हा.

त्या दिवशी आई कैऱ्या चिरत होती. थायरॉईडची गोळी आता रोज सकाळी उपाशीपोटी, आवाज पहिल्यासारखा झालेला. तिनं विचारलं, "अगं, पण ते गेलं कुठं? नाहीसं झालं म्हणतेस, असं काही नाहीसं होतं का?"

मी म्हटलं, नाहीसं नाही झालं. त्या केंद्रकातल्या एका न्यूट्रॉनचा प्रोटॉन झाला, ५३ चे ५४ झाले. आयोडीन राहिलंच नाही, झेनॉन झालं. आणि आयोडाइडच्या आयनाकडे एक इलेक्ट्रॉन जास्तीचा होता ना, तो धरून इलेक्ट्रॉनही ५४ च होते. कागदावर तरी बरोब्बर जमतं. झेनॉन वायू आहे, कुणाशी संयोग करत नाही, रक्तातून फुप्फुसात येतो आणि श्वासाबरोबर बाहेर जातो.

आईची सुरी थांबली. "म्हणजे मी श्वासातून सोडलं ते?"

"हो."

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग पाटाखालून मामाच्या मिठाची पिशवी ओढली. तीन किलो अजून उरलं होतं. मूठ भरून तिनं फोडींवर टाकलं आणि दोन्ही हातांनी कालवायला लागली. "याला पाणी सुटलं की सांग," लेकीला म्हणाली, आणि लेक परातीशी गुडघे टेकून बघत बसली.